ध्वनिचित्रफितीचा वेग आणि आकलन

संपर्कसत्राला प्रत्येक वेळी उपस्थित राहणे तुम्हांला शक्य होतेच असे नाही. धानाच्या रोवणीत किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात गडचिरोली-चंद्रपूरकडील विद्यार्थ्याचा दिवस बांधीत नाहीतर जंगलात जातो. व्याख्यानाची चित्रफीत तो रात्री मोबाईलवर पाहतो आणि वेळ वाचावा म्हणून ती दीडपट किंवा दुप्पट वेगाने लावतो. अशा श्रवणाने आकलन उणावते काय?

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मर्फी, कॅस्टेल आणि सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारशी घट झाली नाही. अडीचपट वेगाला ती स्पष्ट दिसली. आठवड्याने, चाचणीच्या अगदी आधी, तीच फीत दुप्पट वेगाने पुन्हा पाहणाऱ्यांना तर लाभच झाला.

मात्र हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. ती व्याख्याने त्या विद्यार्थ्यांच्या नित्याच्या शिक्षणभाषेत होती. भामरागड, एटापल्लीकडे अनेकांच्या घरची भाषा माडिया आहे, सिरोंचाकडे तेलुगू. वडसा, ब्रह्मपुरीकडे झाडीबोली, जिच्यात ‘पाणी’चे ‘पानी’ होते. प्रमाण मराठी ऐकताना अशा श्रोत्याला शब्द ओळखण्यासाठी क्षणभर अधिक लागतो. वेग वाढवला की शब्दांबरोबर त्यांमधले थांबेही आखडतात, आणि तो क्षण नेमका त्या थांब्यातच मिळत असतो.

मराठीच्या वाक्यरचनेमुळे आणखी एक अडचण येते. क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. ‘ज्ञानेश्वरी हे गीतेचे केवळ भाषांतर आहे, असे मानता येणार नाही’ या वाक्यातला शेवटचा शब्द निसटला, तर विद्यार्थी उत्तरपत्रिकेत नेमके उलटे विधान लिहील. साहित्यविचाराची व्याख्याने अशा वाक्यांनी भरलेली असतात. लेखकाचा जीवनपट किंवा ग्रंथांची यादी दीडपट वेगाने ऐकावी. संकल्पनेची मांडणी मूळ वेगानेच ऐकावी, गरज वाटल्यास त्याहूनही संथ. ओवी-अभंगांचे वाचन वेगाने ऐकण्यात काहीच अर्थ नाही, कारण तेथे लय हाच अभ्यासविषय असतो. झाडीपट्टीची नाटके ज्यांनी रात्र रात्र जागून पाहिली आहेत, त्यांना थांब्याचे मोल वेगळे सांगायला नको.

वेग वाढवल्याने डेटा वाचतो, हा समज चुकीचा आहे; पूर्ण फीत पाहिली की तेवढाच डेटा खर्च होतो. म्हणून रेंज असेल तेथे फीत उतरवून घ्यावी. म्हणजे वाचलेला वेळ काही दिवसांनी तीच फीत पुन्हा ऐकण्यासाठी वापरता येतो.

कृती : एखाद्या व्याख्यानाची पहिली दहा मिनिटे मूळ वेगाने आणि पुढची दहा मिनिटे दीडपट वेगाने ऐका. प्रत्येक भागानंतर फीत बंद करून पाच वाक्ये लिहा. दुसऱ्या दिवशी फीत पुन्हा ऐकून ती पडताळा व नकारार्थी विधाने कोठे सुटली, ते अधोरेखित करा.