भिजला कागद, गंजला पत्रा

आमच्या पडवीला पत्र्याची भिंत होती. खताचे पोते आम्ही तिला टेकवून ठेवले. पावसात पोते ओलावले. पुढच्या वर्षी बघतो तर काय, पोते टेकले होते तेवढ्याच जागी पत्र्याची चाळण! बाकीचा पत्रा शाबूत.

असे का झाले? खत म्हणजे क्षार. कोरडा क्षार पत्र्याला फारसा बाधत नाही. तोच ओला झाला, की धातू खाऊ लागतो.

अमेरिकेत हे संकट घराच्या भिंतीत दडून बसते. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो. आपण गोधडी घेतो, तशी तिथे घराला गोधडी लागते. पुष्कळ घरांत भिंतीच्या पोकळीत आणि माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा भरतात. कागद पेट घेईल, म्हणून त्यात टाकणखारासारखे क्षार मिसळतात. काही कारखाने अमोनियम सल्फेट घालीत. हे तर आपले शेतातले खतच! आग आवरली, पण छप्पर गळले तर? भुगा भिजणार आणि भिंतीतले नळ गंजणार. आतले भोक कुणाला दिसणार?

१९७३ साली तेल महागले. घर उबदार ठेवणे परवडेना. भुग्याला मागणी वाढली. तेव्हा १९७८ साली तिथल्या सरकारने कायदा करून भुग्याची परीक्षा ठरवली.

परीक्षा अशी : पोलाद, तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे पाच सेंटिमीटर लांबरुंद, कागदासारखे पातळ तुकडे घ्यायचे. एका तुकड्याला २० ग्रॅम भुगा आणि १५० मिलिलिटर शुद्ध पाणी. निम्मा ओला भुगा खाली, निम्मा वर, मध्ये तुकडा. सुमारे ४९ अंश उष्णतेत, दमट हवेत १४ दिवस ठेवायचे. मग तुकडा धुऊन दिव्यावर धरायचा. भोकातून उजेड दिसला, की माल नापास!

आपणही करून बघू. तीन वाट्या घ्या. तिन्हींत कागदाचे कपटे आणि एकेक नवा खिळा ठेवा. पहिली वाटी कोरडी ठेवा. दुसरीत साधे पाणी शिंपडा. तिसरीत मिठाचे पाणी शिंपडा. १४ दिवस कपटे ओले राहू द्या. मग खिळे शेजारी शेजारी मांडा. कोणता जास्त गंजला, ते तुमचे डोळेच सांगतील.

मंडळी, पत्रा विकत घ्यायला पैसे पडतात. खताचे पोते फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायला काही पडत नाही. आम्ही हे पत्रा गेल्यावर शिकलो. तुम्ही आधीच शिका.

प्रश्न : १. भुग्यात क्षार का मिसळतात? २. तुकडा दिव्यावर का धरतात? ३. तुमच्या घरी खत कुठे ठेवले आहे?