भुतांचा स्वभाव

गेल्या हिवाळ्यांत सहलीच्या निमित्तानें आम्हीं कांहीं विद्यार्थ्यांसह हरिहरेश्वरास एक रात्र मुक्काम केला. क्षेत्राच्या रीतीप्रमाणें प्रथम काळभैरवाचें, नंतर हरिहरेश्वराचें आणि पुन्हां काळभैरवाचें दर्शन झालें. समुद्राला भरती असल्यामुळें प्रदक्षिणेची वाट पाण्याखालीं होती. ती सकाळच्या ओहोटीवर टाकून मंडळी बिऱ्हाडीं परतली. जेवणें उरकतात न उरकतात तोंच वीज गेली. कोंकणांत वीज गेली कीं भुतांच्या गोष्टी निघावयाच्याच. पडवींत मुलांचें कोंडाळें जमलें, आणि उलट्या पावलांची हडळ, पिंपळावरचा मुंजा, वाट चुकविणारा चकवा, अशीं एकेक पात्रें हजेरी लावूं लागलीं.

एक विद्यार्थी मात्र कोपऱ्यांत, विजेरीच्या उजेडांत, वर्तमानपत्राचें वेष्टण घातलेलें एक पुस्तक वाचीत बसला होता. आम्हीं तें मागून घेतलें. आंत जपानी चित्रकथा होती, इंग्रजी भाषांतरांतली. जपानी पद्धतीस अनुसरून शेवटच्या पानापासून आरंभ करावयाचा आणि उजवीकडून डावीकडे वाचीत जावयाचें. पुस्तक जप्त करावें हाच आमचा पहिला विचार होता, हें कबूल केलें पाहिजे. तथापि तें चाळतां चाळतां आम्हीच कंदील जवळ ओढून बसलों.

या चित्रकथेचें नांव मराठींत सांगावयाचें तर ‘हिकारू मेला तो उन्हाळा’. इ. स. २०२१ पासून ती क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली, व २०२५ सालीं तिचें चलच्चित्रही निघालें. कर्त्यानें मोकुमोकुरेन हें टोपणनांव घेतलें आहे. जपानी घरांतील कागदी दारांवर जे असंख्य डोळे उघडतात अशी समजूत आहे, त्या पिशाचाचें हें नांव होय! कथानक थोडक्यांत असें. डोंगराळ खेड्यांत योशिकी व हिकारू हे दोन शाळकरी मित्र लहानपणापासून एकत्र वाढलेले. हिकारू डोंगरांत नाहींसा होतो आणि आठवड्यानें परत येतो. चेहरा तोच, हंसणें तेंच, आठवणीही त्याच. परंतु सहा महिन्यांनीं योशिकी त्याला विचारतो, ‘तूं हिकारू नाहींस ना?’ तेव्हां तें जें कोण आहे तें रडूं लागतें, कोणाला सांगूं नकोस म्हणून गयावया करतें. आणि योशिकी सांगत नाहीं. गांवांत पुढें अनिष्ट गोष्टी घडूं लागतात, तरी तो त्याचा हात सोडीत नाहीं. या मैत्रींत प्रेमाची छटा आहे, पण ग्रंथकर्त्यानें ती कोठेंही उघडी करून मांडलेली नाहीं. आमच्या मतें त्यानें तेंच योग्य केलें.

वाचक म्हणतील, रहस्य पहिल्या कांहीं पानांतच फुटलें, मग यांत भय तें काय राहिलें? आम्हांसही आरंभीं असेंच वाटलें. परंतु सामान्य भयकथेंत ‘आतां काय येणार?’ या प्रश्नावर वाचक अडकतो, आणि उत्तर मिळालें कीं पुस्तक मिटतो. तीच गोष्ट दुसऱ्यांदा वाचवत नाहीं. येथें मात्र ‘हा मुलगा आतां काय करील?’ हा प्रश्न आहे. भूत कोण हें कळलें तरी माणूस कोण हें कळावयाचें राहिलेलें असतें. चित्रांची कामगिरीही लहान नव्हे. उन्हाळ्यांतील किड्यांची किरकिर अक्षरांच्या रूपानें चौकटीभर पसरलेली असते. ती एकाएकीं थांबली कीं पान उलटावयास बोट धजत नाहीं. रातकिड्यांचा आवाज अकस्मात् बंद पडल्यावर अंगावर येणारा कांटा आम्हां कोंकणांतील लोकांस शिकवावा लागत नाहीं.

आपल्याकडील भुतांची गणना पाहिली तर मौजेची गोष्ट आढळते. ए. एम. टी. जॅक्सन या लोककथांच्या अभ्यासकाचा १९०९ सालीं नाशिक येथें वध झाला. त्यानें जमविलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यानें कोंकणच्या लोकसमजुतींचा एक भाग १९१५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील पुष्कळशी माहिती खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांनीं प्रश्नपत्रिकांस दिलेल्या उत्तरांतून आलेली आहे. (आमच्या व्यवसायबंधूंनीं हजेरीपट व पगारपत्रकें यांपलीकडेही कांहीं लिहिलें आहे, हें पाहून धन्यता वाटते!) कोंकणांतील भुतांचें वर्गीकरण रूपावरून फारसें होत नाहीं, तें मरणसमयीं अपुऱ्या राहिलेल्या इच्छेवरून होतें. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नापूर्वीं गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणांत गेलेली बाई. ब्रह्मसमंध बहुधा धनावर किंवा वाड्यावर जीव अडकलेला ब्राह्मण. म्हणजे आमच्या आजीबाईंनीं ‘अमुक झाडावर मुंजा आहे’ असें सांगितलें, कीं त्या चार शब्दांत एका मुलाचें सगळें चरित्र आलें: तो कोण, कितव्या वर्षीं गेला, आणि त्याला काय मिळावयाचें राहिलें. नखें, दांत व केंस हीं मागाहून कोणीतरी चिकटविलीं. भूत म्हणजे उरलेला स्वभाव, असें समजूनच आपल्या लोकांनीं भुतांस नांवें दिलीं असावींत.

याहून जुना पुरावा पाहिजे असेल तर वेताळाच्या कथा पाहाव्या. सोमदेवानें अकराव्या शतकांत कथासरित्सागरांत त्या गोंविल्या. त्यांपैकीं मंदारवतीची कथा आम्हांस या जपानी पुस्तकाची सख्खी बहीण वाटते. तिच्यावर तीन तरुणांचें मन बसलेलें; ती तापानें वारते. एकजण तिच्या राखेवर निजून तेथेंच राहतो, दुसरा अस्थि घेऊन गंगेस जातो, तिसरा बैरागी होऊन हिंडतां हिंडतां मृतसंजीवनाचा मंत्र मिळवून आणतो. ती जिवंत होते. आतां ती कोणाची? राजा उत्तर देतो कीं, ज्यानें जीव दिला तो बाप, ज्यानें अस्थि नेल्या तो पुत्र, आणि जो राखेपाशीं राहिला तोच पति. खांद्यावर प्रेत, त्यांत वेताळ, भोंवतीं स्मशान, आणि चर्चा चालली आहे ती प्रेम कशास म्हणावें याची! जपानांतही हा धागा जुनाच आहे. लाफकेडिओ हर्न यानें १९०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘क्वायदान’ या संग्रहांतील हिमस्त्री ज्या तरुणास मारावयास येते त्याचीच पुढें बायको होते, आणि त्यानें वचन मोडलें तरी मुलांकडे पाहून त्याला जिवंत सोडते.

अलीकडील मराठी उदाहरणें मुलांना आमच्याहून अधिक पाठ होतीं. सावंतवाडीजवळच्या आकेरी गांवीं चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ सालीं दूरचित्रवाणीवर आली. २०१९ सालीं तिच्या दुसऱ्या भागानें कथा मागें नेऊन अण्णा नाईक जिवंत असतांनाचा काळ दाखविला. वास्तविक भुताचें पूर्वचरित्र कळल्यावर भीति ओसरावयास हवी होती. झालें उलटेंच. अण्णांचा दरारा आणि शेवंतेवर जडलेलें त्यांचें मन यांचीच घरोघर चर्चा होऊं लागली. २०२४ सालचा ‘मुंज्या’ हा हिंदी बोलपट बराचसा कोंकणांत घडतो. त्यांतील मुंजा आपल्याहून वयानें मोठ्या मुलीवर मन जडलेलें असतां मेलेला आहे. त्याचा विनोद आम्हांस थोडा भडक वाटला, पण एक गोष्ट त्यांत खरी उतरली आहे: त्या पोराचें प्रेम मेल्यावर वाढलें नाहीं, पोराचेंच राहिलें, समोरच्या व्यक्तीस काय हवें आहे हें विचारण्याची अक्कल त्याला कधींच आली नाहीं. योशिकीच्या गोष्टींतील तें परकें भूत निदान विचारतें तरी.

इतकें विवेचन झाल्यावर आम्हीं पुस्तक परत केलें. बाकीचीं मुलें झोपावयास गेलीं. हा तेथेंच घुटमळत राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, योशिकीचें चुकलें का?”

आम्हीं शिक्षकी थाटांत उत्तर दिलें कीं, जें आपलें नव्हे तें आपलें मानणें ही फसवणूकच होय, गांवावर संकट येत असतां गप्प बसणें तर अधिकच वाईट.

तो म्हणाला, “पण त्याला ठाऊक होतें ना, कीं तो नव्हे तें. मग फसवणूक कुणाची?” आणि थोडें थांबून, “दादा गेल्यापासून आई अजून तीन पानें मांडते. मग एक उचलते. मी कांहीं बोलत नाहीं.”

त्याचा वडील भाऊ आदल्या पावसाळ्यांत दुखण्यानें गेला हें हजेरीपटाच्या पलीकडे आम्हांस ठाऊक नव्हतें. ज्या पुस्तकावर आम्हीं घटकाभर पांडित्य सांगितलें, त्यास वर्तमानपत्राचें वेष्टण कां होतें हें तेव्हां उमगलें. आम्हीं दिलेलें उत्तर मागें घेतलें नाहीं, कारण तें खोटें नव्हतें. पण पुन्हां उच्चारलेंही नाहीं. “तिसरा भाग आहे का तुझ्यापाशीं?” एवढेंच विचारलें. तो म्हणाला, “घरीं आहे, आणतों.”

सकाळीं ओहोटी लागल्यावर आम्ही सारे प्रदक्षिणेस निघालों. कातळाच्या घळींतून पायऱ्या उतरून खालीं गेलें कीं लाटांनीं कोरलेल्या खडकांवरून वाट जाते. दगडाला मधाच्या पोळ्यासारखीं भोंकें पडलेलीं, पावलोपावलीं शेवाळ. भरती येण्यापूर्वीं ती वाट आटोपावी लागते, म्हणून आम्ही सारखे घाई करीत होतों. तो मुलगा सर्वांच्या मागें होता. एका ठिकाणीं थांबून तो समुद्राकडे पाहत राहिला. आम्हीं पुढच्या मुलांस हांक मारून थांबविलें, आणि तो येईपर्यंत सगळे तेथेंच उभे राहिलों.