गेलो की गेले?

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी परदेशी वाङ्मयीन मासिकांतल्या कविता-कथा इंग्रजीवरून मराठीत आणायचा उद्योग सुरू केला. बायकोच्या मते हा उद्योग नव्हे, उपद्व्याप. नऊ वर्षं झाली. छापून आलं त्यापेक्षा साभार परत आलं जास्त. तेवढ्यात जे हाती लागलं, ते हे.

१. इंग्रजीतला 'मी' बाईही असू शकते, हे मला सातव्या पानावर कळलं. एका दिवाळी अंकासाठी अमेरिकन कथा करत होतो. निवेदक शेजाऱ्याकडे जातो, भांडतो, रात्रभर जागतो. 'मी गेलो, मी भांडलो, मी पडून राहिलो' अशी सहा पानं झरझर उतरवली आणि सातव्यावर निवेदकाच्या बाळंतपणाची आठवण निघाली! इंग्रजी क्रियापदाने तोवर ताकास तूर लागू दिली नव्हती. पण दोष त्याचा कसा? 'मी' म्हटल्यावर मला पुरुषच दिसला, तोही बहुधा सोलापूरचा, निवृत्त. मग सगळ्या 'लो'चे 'ले' करत बसलो. 'तावातावाने गेलो' मघाशी बिनबोभाट लिहिलं होतं, 'तावातावाने गेले' मात्र मला खटकलं. खटकलं याची लाज वाटली, म्हणून तसंच ठेवलं.

२. या घोळात मी एकटा नाही, हे समजल्यावर जरा बरं वाटलं. पोलंडच्या विस्लावा शिंबोर्स्का (खरं तर 'विस्वावा' म्हणायला हवं, मी कित्येक वर्षं भर सभेत चुकीचं म्हणत आलो) यांना नोबेल मिळालं १९९६ साली. त्याच्या कितीतरी आधी, १९६० पासून, क्राकूवच्या 'झिचे लितेरात्स्के' साप्ताहिकात त्या एका सहकाऱ्याबरोबर नवोदितांना निनावी उत्तरं द्यायच्या. उत्तरं बोचरी, पण हसवणारी. पोलिश भूतकाळातही आपल्यासारखंच क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं, आणि संपादकवर्गात बाई त्या एकट्याच. 'मी हसले' लिहिलं की पकडल्या जाणार. म्हणून त्यांनी 'आम्ही'चा आडोसा घेतला. मला येणाऱ्या साभार परतच्या चिठ्ठ्यांतही 'आम्ही'च असतं. इतकी वर्षं त्यामागे मिशीवाले गृहस्थ बसलेत असं मी धरून चाललो होतो.

३. नोकरीमुळे लिहिता आलं नाही, ही माझी लाडकी सबब परदेशी कवींनी मोडीत काढली. चेक कवी मिरोस्लाव होलुब रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत. स्वीडनचे तोमास ट्रान्सट्रोमर अल्पवयीन गुन्हेगारांच्या तुरुंगात मानसशास्त्रज्ञ होते. मी कर्जविभागात होतो. याहून जास्त बोलण्यात अर्थ नाही.

४. 'आम्ही' आणि 'आपण' यांत केवढी दरी आहे, हे मराठीत जन्मूनही मला एका ओडेसात जन्मलेल्या कवीमुळे कळलं. इल्या कामिन्स्की लहानपणीच ऐकू येईनासे झाले, पुढे घरच्यांबरोबर अमेरिकेला गेले. 'डेफ रिपब्लिक' (२०१९) या त्यांच्या संग्रहाच्या सुरुवातीलाच, दुसऱ्यांच्या घरांवर बॉम्ब पडत असताना सुखात राहिलेल्या लोकांची कविता आहे. बोलणारे ते सुखी लोकच. इंग्रजीला एका 'वुई'वर भागवता येतं. मराठी विचारते, ऐकणारा त्यात धरायचा की नाही? मी 'आम्ही' लिहिलं. लय बसली, शिवाय पाप अमेरिकेच्या खाती गेलं. बायकोने कागद वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "म्हणजे यात आपण नाही?" मग दोन रात्री सगळीकडे 'आपण' घालून पाहिलं. लय लंगडते. लंगडू दे म्हटलं.

५. कथा लहान असू शकते, म्हणजे खरंच लहान. लिडिया डेव्हिस यांच्या काही कथा एक-दोन वाक्यांत संपतात. पहिल्यांदा मी पान उलटून उरलेली कथा शोधली होती. पुढे तिचं भाषांतर पाठवलं, तर संपादकांचा फोन आला, "काका, बाकीची पानं यायचीत ना?"

६. तळटीप ही बरेचदा वाचकावरच्या अविश्वासाची पावती असते. सहा पानांच्या एका कथेला मी चौदा टीपा जोडल्या होत्या. संपादकांनी चौदाही उडवल्या आणि मी महिनाभर रुसलो. मग २०२५ साली 'हार्ट लॅम्प'ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच. हासनच्या बानू मुश्ताक यांच्या बारा कन्नड कथा, इंग्रजी दीपा भास्ती यांचं. पन्नास हजार पौंड दोघींत निम्मेनिम्मे, हे वाचून माझ्यातला बँकवाला आणि भाषांतरकार दोघंही खूश झाले. भास्तींनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच ठेवले. ना तिरका ठसा, ना टीपा. मूळ भाषेचा हेल भाषांतरातही ऐकू आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

हे पुस्तक मी कुरिअरने मागवलं आणि दुसऱ्या कथेनंतर मिटून ठेवलं. माझं बालपण सोलापूरच्या जोडभावी पेठेत गेलं. वाड्यातली निम्मी बिऱ्हाडं घरात कानडी बोलत. भांडण कळण्यापुरती कानडी मलाही येत होती. ओस्लो, क्राकूव, ब्युनोस आयर्सच्या लेखकांची नावं पाठ करताना ती कधी गळून गेली, पत्ता नाही. आणि आता शेजारघरची गोष्ट मी लंडनच्या शिक्क्यानिशी, इंग्रजीतून वाचत होतो.

सध्या कानडी मुळाक्षरं गिरवतोय. परवा एसटी स्टँडवर कर्नाटकच्या बसची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. वि-ज-य-पु-र होईपर्यंत बस सुटली होती.