उसाच्या मळीपासून रबर

तोडणीच्या हंगामात भवानीनगर आणि माळेगावच्या रस्त्यांना उसाच्या टायरगाड्यांची रांग लागते. उसाची साखर होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण उसापासून टायरचे रबरसुद्धा करता येते, हे सांगितले तर चटकन खरे वाटत नाही. म्हणून हा लेख लिहीत आहे.

रबर दोन प्रकारचे असते. झाडाच्या चिकापासून होते ते नैसर्गिक रबर. आपल्या देशात ते मुख्यतः केरळात होते. दुसरे कारखान्यात बनवतात, ते कृत्रिम रबर. त्यात सगळ्यात जास्त चालणारे म्हणजे स्टायरीन-ब्युटाडीन रबर. थोडक्यात त्याला एसबीआर म्हणतात. त्यात साधारण तीन भाग ब्युटाडीन आणि एक भाग स्टायरीन असते. या दोन पदार्थांचे बारीक बारीक कण साखळीसारखे एकात एक गुंफले, की रबर तयार होते.

१९४२ साली जपानने मलाया जिंकला आणि अमेरिकेला झाडाचे रबर मिळेना. तेव्हा तिकडे एसबीआरचे मोठे कारखाने निघाले. त्या वेळी बरेचसे ब्युटाडीन धान्याच्या अल्कोहोलपासून काढले होते.

आपल्याकडे १९६३ साली उत्तर प्रदेशात बरेलीला असा कारखाना सुरू झाला. साखर कारखान्याची मळी आंबवून अल्कोहोल काढायचे, त्याची वाफ तापवून ब्युटाडीन करायचे आणि त्याचे रबर. तो कारखाना पुढे बंद पडला. आता ब्युटाडीन खनिज तेलापासून काढतात. पानिपतला २०१३ साली सुरू झालेल्या कारखान्याची क्षमता वर्षाला १ लाख २० हजार टन आहे. मळीचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळायला जाते.

गुण : हे रबर लवकर झिजत नाही. म्हणून मोटारीच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, चपला-बुटांचे तळ आणि माल वाहणारे पट्टे त्याचे करतात. नुसते एसबीआर मात्र कमजोर असते. त्यात काजळी घालतात तेव्हा ते दणकट होते. टायर काळा दिसतो तो काजळीमुळेच. गंधक घालून तापवले, की साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि रबर ताणले तरी परत जागेवर येते.

दोष : उन्हाने त्याला भेगा पडतात. तेल-डिझेलमध्ये ते फुगते. गुरुजींच्या देखरेखीखाली आम्ही जुन्या ट्यूबचा तुकडा रात्रभर डिझेलमध्ये ठेवला. सकाळी तो फुगून मऊ झाला होता. म्हणून ट्रॅक्टरच्या टायरवर डिझेल सांडलं तर लगेच पुसून घ्यावं. जड ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त घालतात, कारण एसबीआर चालताना जास्त तापते.

याच रबराचा दुधासारखा चीक कागदालाही लागतो. चकचकीत कागदावरचा पांढरा थर चिकटून राहावा म्हणून तो वापरतात. इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ असा कागद करणारी गिरणी आहे.

आता पालकांना एक विनंती. रबर मातीत लवकर कुजत नाही, म्हणून जुना टायर कुठेतरी टाकून दिला जातो, नाहीतर जाळला जातो. काही गुऱ्हाळांत जळणात टायर घालतात, होळीतही टाकतात. त्या काळ्या धुरात गंधकाचा विषारी वायू आणि कर्करोग करणारे पदार्थ असतात. तो धूर लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जातो. बरं, टायर अंगणात पडू दिला तर पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. त्यापेक्षा तो भंगारवाल्याला द्यावा. जुन्या रबराचा भुगा करून तो रस्त्याच्या डांबरात मिसळतात. टायरची नक्षी झिजली पण आतले धागे शाबूत असले, तर रिमोल्ड करूनही तो चालतो.

टायर जाळू नका, एवढे आपण घरी जाऊन सांगूया.