वेलाला धरून राहा

आजचं शुभवर्तमान: योहान 15:1-8



प्रभू येशू म्हणतो, मी द्राक्षवेल आहे, तुम्ही फाटे आहात. आमच्या इन्सुलीकडे द्राक्षमळे नाहीत. पण पोफळीवर चढलेला मिरीचा वेल सगळ्यांनी पाहिलाय. त्याचा फाटा कापला तर तो लगेच सुकत नाही. दोन दिवस हिरवाच दिसतो. आपलंही तसंच होतं. प्रार्थना सुटली, रविवारची मिस्सा चुकली, तरी नोकरी चालू, मित्र चालू, सगळं ठीक. म्हणून तुटल्याचं कळतच नाही.

या उताऱ्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: राहा. 'माझ्यामध्ये राहा.' येशू 'मला अनुभवा' असं म्हणत नाही. हा फरक मला गेल्या पावसाळ्यात बाबा गेल्यावर कळला. नंतर कित्येक महिने रोझरीचे मणी बोटांतून जायचे, पण आत काहीच हलायचं नाही. कुणी म्हणालं, "देव छाटणी करतोय." शब्द आजच्या वाचनातलाच आहे. पण येशू इथे फळ देणाऱ्या फाट्याबद्दल बोलतो, माणसाच्या मरणाबद्दल नाही. बाबांचं जाणं ही देवाची कात्री होती, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की त्या दिवसांतही वेलाने फाटा सोडला नाही.

कोलकात्याच्या संत मदर तेरेझांची पत्रं 2007 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता. तरी त्या रोज पहाटे प्रभूसमोर बसत राहिल्या, आणि मग रस्त्यावरच्या गरिबांकडे जात राहिल्या. कोरडेपणा म्हणजे देव दूर गेला असं नाही.

मग 'राहायचं' कसं? मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगते.

1. रोज दहा मिनिटं शुभवर्तमान. एकच उतारा, दोनदा, सावकाश. एखादा शब्द थांबवेल, तिथे थांबा. मोबाईल दुसऱ्या खोलीत!

2. झोपण्यापूर्वी संत इग्नाती यांनी शिकवलेलं आत्मपरीक्षण: आधी आभार, मग प्रकाश मागा, दिवस आठवा, चुकलं तिथे क्षमा मागा आणि उद्यासाठी कृपा.

3. आपल्या बोलीत बोला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज 1579 मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि 1616 मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. येशूची कथा, मराठी ओव्यांत! परदेशी माणसाने एवढं केलं, तर आपण देवाशी पुस्तकी का बोलावं? माझी सगळ्यात खरी प्रार्थना मालवणीतच झाली: "देवा, आज माका काय सुचणा नाय, तरी तुझ्याफुडे बसलंय."

आणि हे सगळं एकट्याने नको. फाटा वेलावर इतर फाट्यांसोबतच असतो. मिस्सा आणि पापनिवेदन यांतून रस येतो. मुंबई-पुण्यात नवीन असाल, तर या रविवारी जवळचं चर्च शोधा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, मला काही जाणवो वा न जाणवो, तुझ्यामध्ये राहण्याची कृपा दे. आज ज्यांच्या घरी दुःख आहे, त्यांना धरून ठेव. आमेन.