डब्यातला पाऊस

मृग लागला की दिंद्रुडात जो तो आभाळाकडे बघतो. सर येऊन गेली की पोरं विचारतात, "किती पाऊस झाला?" आपण म्हणतो, "लई झाला." लई म्हणजे किती? चला, पोरांसंगं मोजू या.

एक रिकामा डबा घेऊ. बूड सपाट, बाजू सरळ पाहिजेत. अंगणात मोकळ्यावर ठेवू. झाड नको, वळचण नको. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती दगड लावू.

रोज सकाळी ठरल्या वेळी पोराने वा पोरीने डब्यात पट्टी उभी धरावी. पट्टीचा शून्य अगदी टोकाला असावा. बारीक एक घर म्हणजे एक मिलिमीटर. आकडा वहीत लिहावा. डबा रिता करून परत जागेवर ठेवावा.

एक मिलिमीटर थोडा वाटतो. पण एक एकर रानावर तेवढा पाऊस म्हणजे सुमारे ४००० लिटर पाणी!

आता बेरीज करू. कृषी खाते सांगते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. कमी ओलीवर पेरले तर बी उगवते आणि उन्हात करपते. मग दुबार पेरणी, दुबार खर्च, डोईवर कर्ज.

मध्ये उघडीप पडली तर नुसत्या बेरजेवर जाऊ नये. खुरप्याने माती उकरून ओल बघावी. हेही पोरांना दाखवू.

पेरणीआधी पोरांची वही उघडू. पोरगी म्हणेल, "बाबा, अजून थांबा." आपण तिचे ऐकू.