प्रक्षेप, प्रमाण आणि यंत्ररचित मजकूर

मराठी पाठचिकित्सेला प्रक्षेपाचा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी एकनाथांनी शके 1506 मध्ये (इ. स. 1584) त्या ग्रंथाचे शुद्धीकरण केले. कर्ता आणि त्याच्या नावावरील शब्द यांचा संबंध निखळ राहावा, ही अपेक्षा त्यामागे दिसते. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि हाच प्रश्न संशोधकापुढे नव्या रूपात उभा राहिला.

ही साधने प्रचंड लेखसंग्रहावरून शब्दक्रमाची संभाव्यता शिकतात व तिच्या आधारे पुढचा शब्द योजतात. विधान खरे आहे काय, याची पडताळणी या प्रक्रियेत अंगभूत नसते. त्यामुळे अस्तित्वात नसलेला लेख वर्ष व पृष्ठांकासह संदर्भ म्हणून पुढे येऊ शकतो. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात असेच कल्पित निवाडे सादर झाले. संबंधित वकील व त्यांची संस्था यांना मिळून 5,000 डॉलर दंड झाला. मराठीत हा धोका अधिक संभवतो. जुनी नियतकालिके, हस्तलिखिते व बोलीसामग्री यांचा मोठा भाग संगणकीय संग्रहांत अद्याप आलेला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याची प्रतवारी साम्याच्या टक्केवारीवर केली. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. यंत्ररचित मजकूर मात्र कोणाची अक्षरशः नक्कल नसल्याने या चाळणीतून निसटू शकतो. अल्प साम्य हा स्वतंत्र चिंतनाचा पुरावा मानता येणार नाही.

म्हणून ही साधने सरसकट त्याज्य ठरत नाहीत. लेखनशुद्धी तपासणे किंवा परभाषेतील लेखाचा स्थूल आशय जाणणे, येथे त्यांचे साहाय्य घेता येईल. पाठभेदाची निवड, अर्थनिर्णय व निष्कर्ष ही मात्र संशोधकाचीच कर्तव्ये होत. यंत्र मजकुराचे उत्तरदायित्व स्वीकारू शकत नाही, म्हणून त्यास लेखक मानता येत नाही, अशी भूमिका प्रकाशननीतीविषयक ‘कोप’ या संस्थेने 2023 मध्ये घेतली. वापर उघड करण्याचाही आग्रह धरला.

यातून तीन पथ्ये निष्पन्न होतात. प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथात पाहिल्याविना देऊ नये. कोणते साधन, केव्हा व कशासाठी वापरले, याची नोंद प्रस्तावनेत करावी. क्षेत्रीय मुलाखती व अप्रकाशित सामग्री निवेदकाच्या संमतीविना यंत्राच्या स्वाधीन करू नये. मौखिक परीक्षेत प्रबंधातील प्रत्येक विधानाचे समर्थन अखेर संशोधकालाच करावयाचे असते. ज्या विधानाचे समर्थन त्याला करता येत नाही, ते त्याच्या प्रबंधातील प्रक्षेपच होय.